या हक्कांचे हक्कसोडपत्र होत नाही

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी मी एका निरीक्षणगृहाच्या, म्हणजे लोक ज्याला 'रिमांड होम' म्हणतात त्याच्या, कार्यालयात बसले होते. एका मुलाच्या जामिनाच्या आदेशाची प्रत पोहोचवण्याचे साधे काम होते, आणि अधीक्षक जेवणघराकडे गेल्यामुळे त्यांची वाट पाहणे भाग होते. साडेसातच्या सुमारास साध्या वेशातील दोन पोलीस एका मुलाला घेऊन आले. वय असेल सोळाच्या आसपास. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि एकाच पायात चप्पल. लिपिकाने नोंदवही उघडली आणि नाव, वडिलांचे नाव, गाव, शिक्षण, अंगावरील खुणा असे रकाने भरत नेले. खिशातले सामान टेबलावर मांडले गेले, त्यात चाळीस रुपये, सायकलच्या कुलपाची किल्ली आणि घडी घालून मऊ झालेली एस.टी.ची दोन तिकिटे होती. यादी झाली, लिपिकाने बोट ठेवून "इथं सही कर" म्हटले, मुलाने सही केली. वर काय लिहिले आहे ते त्याने विचारले नाही आणि त्याला कोणी वाचूनही दाखवले नाही. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "आईला कळलं का?"

लिपिक भला माणूस होता. "कळवतील, तू आधी जेवून घे," असे त्याने सांगितले आणि काळजीवाहकाला हाक मारली. त्या वीस-पंचवीस मिनिटांत त्या मुलाला कोणी हात लावला नाही की शिवी दिली नाही, आणि कागदोपत्री पाहिले तर सगळे यथास्थित पार पडले. मात्र आपण कुठे आलो आहोत, का आलो आहोत, इथे किती दिवस राहायचे आहे, आपल्या बाजूने कोण बोलणार आहे, कोणत्या प्रश्नाला उत्तर दिले नाही तरी चालते, यांपैकी एकही गोष्ट त्याला कळली नव्हती. 'बालकांचे हक्क' असे ठळक अक्षरांत छापलेला फ्लेक्स त्याच खोलीत, त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेला होता.

मी मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील आहे आणि गेली नऊ वर्षे बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांवरील आरोपांची चौकशी जिथे होते तिथे, काम करते आहे. या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे, की या मुलांना हक्क कमी आहेत अशी आपली अडचण नाही. कायद्याने भरपूर दिले आहे. जे दिले आहे ते दारातच, पहिल्या रात्रीच्या आत, मुलाला कळेल अशा शब्दांत कोणीतरी सांगावे लागते, आणि हे सांगणे हे कोणाचेच नेमके काम होऊन बसलेले नाही.

सुरुवात शब्दांपासूनच करावी लागते. वर्तमानपत्रांत 'बालसुधारगृहात रवानगी' असे छापून येते, आणि वस्तीत सगळे 'रिमांड होम' म्हणतात. कायद्यातला शब्द 'निरीक्षणगृह' आहे, आणि ज्या मुलाची चौकशी अजून चालू आहे त्याला तात्पुरते ठेवण्याची ती जागा आहे. मंडळाने चौकशी पूर्ण करून आदेश दिल्यानंतर ज्या मुलांना ठेवले जाते ते 'विशेष गृह' वेगळे. ज्याने काही केले आहे हे अजून ठरलेच नाही त्याला सुधारायचे काय, हा प्रश्न 'सुधारगृह' हा शब्द गिळून टाकतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील मूलतत्त्वांच्या यादीत पहिलेच तत्त्व निर्दोषतेच्या गृहीतकाचे आहे, आणि डाग लावणारी भाषा वापरू नये हे तत्त्वही त्याच यादीत आहे. म्हणून 'आरोपी'ऐवजी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द आला. हेतू उत्तम आहे, पण मी हा शब्द एका मुलासमोर उच्चारला तेव्हा त्याने शेजारच्याकडे पाहिले होते, म्हणजे दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणे चालले आहे अशी त्याची समजूत झाली होती.

निरीक्षणगृहाच्या दारापर्यंत येण्याआधीच बरेच काही घडून गेलेले असते. कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मंडळासमोर उभे करावे लागते. त्या दिवशी मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यासमोर नेता येते, त्यामुळे 'सुट्टी होती' ही सबब चालत नाही. बेडी घालता येत नाही, कबुलीसाठी जबरदस्ती करता येत नाही, कोणत्याही जबाबावर मुलाची सही मागता येत नाही, पालकांना कळवणे आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक आहे. या कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत हे सारे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. त्यामुळे दारात आलेल्या मुलाला हक्क सांगणे म्हणजे पुढचेच सांगणे नसते. मागच्या चोवीस तासांत काय व्हायला नको होते तेही सांगणे असते. 'काल तुला कुठे बसवले होते, रात्री कुठे झोपलास' हे विचारल्याशिवाय मी कोणत्याही मुलाशी बोलणे सुरू करत नाही.

नियमांत प्रवेशाच्या वेळचीही तरतूद आहे. नव्याने दाखल झालेल्या मुलाला संस्थेची आणि तिच्या कामकाजाची ओळख करून द्यावी, आणि त्यात स्वच्छता, दिनक्रम आणि शिस्त यांच्याबरोबर त्याचे हक्क आणि जबाबदाऱ्याही सांगाव्यात, असे ते म्हणतात. मी जे पाहिले आहे त्यात पहिल्या तीन गोष्टी चोख सांगितल्या जातात. उठायचे कधी, रांग कुठे लावायची, ताट कुठे धुवायचे, गेटजवळ फिरकायचे नाही. चौथी गोष्ट मागे पडते, किंवा आठवड्याने समुपदेशक आले की दहा-बारा मुलांना एकत्र बसवून उरकली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी स्वातंत्र्यापासून वंचित केलेल्या किशोरांच्या संरक्षणासाठी जे नियम संमत केले, त्यांत याबाबत फारशी पळवाट ठेवलेली नाही. प्रवेशाच्या वेळीच संस्थेच्या नियमांची प्रत आणि हक्कांचे लेखी वर्णन मुलाला समजणाऱ्या भाषेत द्यावे, तक्रार कोणाकडे करायची त्यांचे पत्ते द्यावेत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पूर्ण समजेल अशा रीतीने ते सांगावे, असे तिथे म्हटले आहे. 'पूर्ण समजेल अशा रीतीने' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण भिंतीवरचा फ्लेक्स त्या कसोटीला कधीच उतरणार नाही.

समजेल असे सांगायचे तर मुलाच्या प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मी उलटे करत होते. घटना, कलम, मंडळ, वकील, जामीन अशा क्रमाने बोलत होते आणि मुले मान हलवत होती. मान हलवणे म्हणजे समजणे नव्हे, हे कळायला मला एक प्रसंग लागला. अर्धा तास समजावल्यावर एका मुलाने विचारले, "मॅडम, तुम्ही पोलिसांच्या की घरच्यांच्या?" त्यानंतर मी क्रम बदलला. आईला कळले आहे का आणि ती कधी भेटू शकेल, हे पहिले. इथे कोणी मारणार आहे का, हे दुसरे, आणि मुले हा प्रश्न तोंडाने विचारत नाहीत, दाराकडे पाहत राहतात. तिसरे, किती दिवस. चौथे, पोलीस भरतीला हे आडवे येईल का. हा चौथा प्रश्न ग्रामीण भागातून आलेली मुले इतक्या वेळा विचारतात की त्याचे उत्तर मी तोंडपाठच ठेवले आहे. सोळा वर्षांवरील मुलावर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालवला जाण्याचा अपवाद सोडला, तर या कायद्याखालील आदेशामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर अभिलेखही नष्ट करायचा असतो. हे ऐकल्यावर मुलाच्या खांद्यांत जो फरक पडतो तो पाहिल्यावरच पुढचे बोलण्यात अर्थ असतो.

मग वकिलाची गोष्ट येते. इथे बहुतेक मुले एकच उत्तर देतात, "वकील नको, घरी पैसे नाहीत." मोफत विधी साहाय्यासाठी मुलाला उत्पन्नाची कोणतीही अट नाही, हे सांगितले तरी शंका उरतेच, कारण फुकटचे ते खोटे हा अनुभव घरातून आलेला असतो. काही मुलांना वाटेतच कोणीतरी सांगितलेले असते, 'वकील मागितलास तर लांबेल, कबूल करून टाक, लगेच सुटशील.' अशा वेळी मुलाने 'नको' म्हटले आणि तसे लिहून घेतले, तर काम संपले असे व्यवस्थेला वाटू शकते. कायद्याचे म्हणणे नेमके उलटे आहे. मुलाचा कोणताही हक्क सोडून देता येत नाही. तो मुलाने सोडला, पालकाने सोडला, अगदी मंडळाने सोडून द्यायला सांगितला, तरी ते वैध ठरत नाही, आणि हक्क वापरला नाही म्हणून तो सोडला असा अर्थही काढता येत नाही.

हे समजावताना मला गावाकडचाच शब्द उपयोगी पडला. आमच्याकडे 'हक्क' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर वावरातला वाटा येतो, आणि आत्या किंवा मावशीने हक्कसोडपत्रावर सही केल्याची गोष्ट घराघरात ऐकलेली असते. मी त्यांना म्हणते, "तुझ्या आत्याने जमिनीचा हक्क सोडला तसा हा सोडता येत नाही. याचं हक्कसोडपत्र होतच नाही. तू सही केलीस तरी होत नाही." हे वाक्य मुले लक्षात ठेवतात. एवढेच नव्हे, तर बाहेर वाट पाहणाऱ्या आयांनाही ते लगेच कळते, कारण त्यांपैकी बऱ्याच जणींनी स्वतः तशी सही केलेली असते.

जामिनाबद्दलचा गैरसमज मुलांपेक्षा मोठ्यांच्या मनात अधिक घट्ट बसलेला आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनदारासह किंवा जामिनदाराशिवाय सोडणे हा या कायद्यात नियम आहे. सोडल्याने तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका उद्भवेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे मानण्यास वाजवी कारण असेल तरच नाकारता येते, आणि ती कारणे मंडळाला लिहावी लागतात. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत अटी पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणावे लागते. ही सात दिवसांची तरतूद एकाही मुलाला आधीपासून ठाऊक असलेली मला आढळलेली नाही. पालावर राहणाऱ्या कुटुंबाकडे घरपट्टीची पावती कुठून येणार? पारधी वस्तीतल्या एका मुलाचा जामीन मंजूर होऊन सोळा दिवस झाले होते आणि तो आतच होता, कारण जामिनदार मिळत नव्हता आणि दिवस मोजणारे कोणी नव्हते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी त्याच्या पणजोबांच्या जमातीवर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. त्याच्या जामिनाचे दिवस मोजायला मात्र त्याला स्वतःला शिकवावे लागले. आता मी प्रत्येक मुलाला बोटांवर सात मोजायला लावते. बालिश दिसते, पण उपयोगी पडते.

वयाचा विषय तर असा आहे की तो दारात बोलला गेला नाही तर पुढे आयुष्य खाऊ शकतो. आपल्याकडे एका पिढीच्या निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला असावा असे शाळांचे दाखले पाहून वाटते, कारण नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली असते. तरीही कायद्यात पहिला मान शाळेच्या किंवा परीक्षा मंडळाच्या जन्मतारखेच्या दाखल्याला, तो नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याला आहे, आणि हे काहीच नसेल तेव्हाच हाडांच्या वैद्यकीय चाचणीकडे वळायचे असते. गुन्ह्याच्या दिवशी वय किती होते एवढेच पाहायचे. चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाली तरी फरक पडत नाही. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अंतिमरीत्या निकाली निघाल्यावरसुद्धा, करता येतो.

ही शेवटची तरतूद किती खरी आहे आणि किती उशिरा खरी ठरू शकते, हे पुण्यातल्या १९९४ सालच्या एका हत्याकांडाच्या प्रकरणात दिसले. त्यात फाशीची शिक्षा झालेल्या एका व्यक्तीचे वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षे होते, असे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याला सोडण्याचा आदेश दिला. तोपर्यंत तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. त्याचे नाव सर्वत्र छापून आले आहे, पण मी इथे ते लिहिणार नाही. बालकाची ओळख उघड करणे या कायद्याने गुन्हा ठरवले आहे आणि निदान या पानावर तरी तो साडेबारा वर्षांचाच राहू दे. त्याला १९९४ मध्ये कोणी 'तुझं खरं वय सांग, शाळा कोणती ते सांग, त्याने फार फरक पडतो' असे समजेल त्या भाषेत विचारले असते तर, हा विचार मला दर वेळी नोंदवहीतला वयाचा रकाना पाहिला की सुटत नाही.

सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा, म्हणजे ज्यात किमान शिक्षाच सात वर्षांची किंवा त्याहून अधिक आहे अशा गुन्ह्याचा, आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते आणि त्यावरून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरे जावे लागेल का हे ठरते. हे मूल्यमापन म्हणजे खटला नव्हे, हे कायद्यानेच स्पष्ट केले आहे. मुलाला मात्र तज्ज्ञासमोर बसवले की आपण सगळे सांगून मोकळे व्हावे असे वाटते, किंवा तो अगदी गप्प होतो. या मुलांना वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि इथे अर्ध्या तासाचे सांगणे पुरत नाही एवढेच नोंदवते.

तक्रारीचे सांगताना मी मुलाला जागा दाखवायला घेऊन जाते. प्रत्येक संस्थेत मुलांसाठी सूचनापेटी असायला हवी, ती कार्यालयापासून दूर आणि मुलांच्या खोल्यांजवळ असावी, तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे राहावी आणि ती दर आठवड्याला मुलांच्या समितीच्या सदस्यांसमोर उघडली जावी, असा नियम आहे. मी पाहिलेल्या एका संस्थेत ती पेटी कार्यालयाच्या दारालाच, अधीक्षकांच्या खुर्चीतून नीट दिसेल अशी टांगलेली होती. पेटी आहे का, तर आहे, तपासणी अहवालात बरोबरची खूण. मंडळाने महिन्यातून किमान एकदा निरीक्षणगृहाची पाहणी करायची असते. त्या दिवशी मुले स्वच्छ कपड्यांत रांगेत बसतात, आणि आलेल्या मंडळींशी आपण बोलू शकतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. संस्थेतल्या कर्मचाऱ्याने शिस्तीसाठी मारले तरी तो गुन्हा आहे, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी काळजीवाहक समोर उभा असताना सांगते. तो नाराज होतो. होऊ दे.

'हक्क शिकवले की पोरं डोक्यावर बसतात' हे वाक्य मी कार्यालयांत, बार रूममध्ये आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकले आहे. १९ मे २०२४ च्या पुण्यातल्या मोटार अपघातानंतर तर या विषयावर बोलणेच अवघड झाले होते. दोन तरुण जीव गेले होते, लोकांचा संताप खरा होता, आणि मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला जामिनाच्या अटीत लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाने तो वाढला याचे मला नवल वाटले नाही. पुढे २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश दिला, कारण गुन्हा कितीही गंभीर असला तरी विधिसंघर्षग्रस्त बालकाला कायद्याने घालून दिलेलीच वागणूक द्यावी लागते. मला त्या आदेशात चूक दिसत नाही. मला खटकते ते एवढेच, की ज्या घरांना वकील परवडतो त्यांना हा कायदा ओळीनओळ ठाऊक असतो, आणि मोबाइल चोरीच्या संशयावरून आणलेल्या, एका पायात चप्पल घातलेल्या मुलाला त्यातली पहिली ओळही माहीत नसते.

या वर्षी मी अर्ध्या पानाचा एक कागद तयार केला आहे. त्यावर कलमे नाहीत. 'तू काही केलं आहेस असं अजून ठरलेलं नाही. तुझ्या घरी कळवलं आहे का, ते विचार. तुला फुकट वकील मिळतो, तू नको म्हटलास तरी मिळतो. वकील येईपर्यंत घटनेबद्दल बोललास नाहीस तरी चालतं. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नकोस. तुझं खरं वय आणि शाळेचं नाव सांग. जामीन झाला आणि सात दिवसांत सुटला नाहीस तर सर्वांना सांगत राहा. कोणी मारलं तर मंडळासमोर बोल, तिथं उंच खुर्ची नसते, पिंजरा नसतो.' असा तो मजकूर आहे. वाचून झाला की मी कागद उलटा ठेवते आणि म्हणते, "आता तू मला सांग." पहिल्या वेळी तीनच गोष्टी आठवतात, दुसऱ्या वेळी पाच. सहीची गोष्ट हमखास विसरतात.

हा कागद नोंदवहीच्या पहिल्या पानाला चिकटवावा आणि दाखल करणाऱ्यानेच तो वाचून दाखवावा, असा अर्ज मी दिला आहे. त्याला आवक क्रमांक मिळाला आहे. हिंदीतली प्रत झाली आहे. पारधी बोलीतली मात्र लिहून काढण्यापेक्षा ऐकवणे बरे, म्हणून त्या सोळा दिवस अडकलेल्या मुलाच्या आजीकडून फोनवर बोलून घेतली आहे. ध्वनिफीत पावणेदोन मिनिटांची आहे आणि मध्ये एका ठिकाणी तिचा कोंबडा आरवतो. तो भाग कापू का, असे मी तिला विचारले, तर ती म्हणाली, राहू दे, पोराला घरचं वाटेल.